बाबा सुखी झाले तेव्हा

माझे बाबा कृषी सहायक होते आणि नोकरीच्या सबंध काळात त्यांना कुणी सुखी पाहिलेलं नव्हतं. यात खात्याचा काही दोष नव्हता. बाबांचा स्वभावच तसा. चहा गरम असला की तोंड भाजतं, आणि गार असला की तो चहाच नव्हे. वरणात मीठ कमी आहे हे ते पहिला घास घेण्याआधी नुसत्या रंगावरून सांगत. घरी असले की सकाळी आंघोळ करून बुद्धाच्या तसबिरीपुढे उभे राहत, जगातले सगळे प्राणी सुखी होवोत असं पालीतून म्हणत, आणि जोडलेले हात सुटले की तडक मागच्या दारी जाऊन दुधात पाणी घालणाऱ्या प्राण्याला झापत.

घर अकोल्याला होतं. मी तिथंच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे. सासर त्याच वसाहतीत, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे आईकडे रोज चक्कर व्हायची. बाबांच्या बदल्या मात्र वऱ्हाडभर झाल्या. आधी तेल्हाऱ्याकडे कापसाच्या गावांत, शेवटी वरुड तालुक्यात, संत्र्यांच्या मुलखात. तिथं ते खोली घेऊन राहत. शनिवारी घरी यायचे, रविवारभर तक्रार करायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. आईचं सगळं आयुष्य या वेळापत्रकावर नीट बसलेलं होतं.

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, पण दुःखाला चांगला उठाव होता. कुठून कुठून गाड्या यायच्या. पाहुणे उतरायचे, बांधावर उभं राहून हळहळायचे, फोटो काढून घ्यायचे आणि जेवायला शहरातल्या हॉटेलात जायचे. आमच्या भागात एवढी करुणा त्याआधी कधी पडली नव्हती. त्या मानानं पाऊस कमी पडायचा.

मग वरच्या कुणाला तरी उमगलं की शेतकऱ्याला ताण आहे आणि तो घालवला पाहिजे. पाणी, वीज आणि भाव हे विषय किचकट असल्यामुळे सुरुवात ताणापासून करायची ठरली. ठिकठिकाणी मेळावे लागले. भाषणाला माणूस हवा होता. बाबांच्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही बौद्ध ना? मग तुमच्यात ते मनःशांती वगैरे असतंच. तुम्हीच बोला सुखावर."

एखाद्या घराण्यात गाणं असतं तसं आमच्या घराण्यात सुख असावं, असा साहेबांचा समज होता. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबा विहारात जाऊन दोन-चार पुस्तकं घेऊन आले आणि सुख पाठ करू लागले.

दिवाळीच्या सुटीत मी आणि आई त्यांची खोली आवरायला वरुडला गेलो होतो. त्याच आठवड्यात शेंदूरजनाघाटला मेळावा होता. आम्हीही गेलो. संत्र्यांच्या बाजाराला लागूनच मांडव घातला होता. बाहेर पेट्या भरल्या जात होत्या, आत बाबा सुखावर बोलत होते. तृष्णा हे दुःखाचं मूळ आहे, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. समोरचे लोक सभ्य होते, तोंडावर हात ठेवून जांभया देत होते. मग बाबांना वाटलं असावं की यांना यांच्याच धंद्यातलं काही सांगावं. पुस्तक त्यांनी बाजूला ठेवलं.

"तुमी बागाईतदार लोक. तुमाले म्या काय सांगू? संत्र्याचं पाणी तोडतो का नाही आपण? झाडाले ताण देतो का नाही? ताण बसल्याबिगर झाडाले बहार येते काय?"

"नाई येत," लोक म्हणाले. आता ते सरसावून बसले होते.

"मंग! माणसाचंबी तसंच हाय. ताण बसला का समजा, आता बहार येते."

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. धोतर, डोक्याला टॉवेल.

"साहेब, एक इचारू काय?"

"इचारा ना."

"विहीर आटली. बोर आटला. झाडाले ताण हाय, मले ताण हाय, बायकोले हाय, बैलाले हाय. मंग बहार कावून येऊन नाही राह्यला?"

मांडव असा हसला की पेट्या भरणारे हातातली संत्री घेऊन आत डोकावले. मेळाव्याचा उद्देशच लोकांचा ताण घालवणं हा होता, तेव्हा तो कमालीचा यशस्वी झाला असं म्हणायला हरकत नव्हती. बाबांना मात्र तसं वाटलं नाही. रात्री जेवताना त्यांनी मिठाचा विषयसुद्धा काढला नाही. आई मला हळूच म्हणाली, "तब्येत बरी नाही वाटते याईची."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी बाबा निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, चांगल्या कामाबद्दल चांगले शब्द मिळाले, आणि आईला बाबा मिळाले, आठवड्याचे सातही दिवस. रविवारचा माल रोज यायला लागला. तेव्हाच आमच्या विहाराच्या फळ्यावर सूचना लागली की अमरावतीजवळच्या एका विहारात दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर आहे. श्रामणेर म्हणजे शिकाऊ भिक्खू. संसारी माणसानं तेवढ्यापुरतं डोकं भादरायचं, भिक्खूचं भगवं चीवर नेसायचं, भिक्षापात्रात पडेल ते खायचं आणि दुपारनंतर तेही नाही. शेवटच्या दिवशी चीवर परत करून, पँट घालून, घरी यायचं.

"मी जाऊन राह्यलो," बाबांनी जाहीर केलं.

"जा," आई म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की बाबा जरा दुखावले. थोडा आग्रह, थोडं 'या वयात कशाला' त्यांना अपेक्षित असावं. आई बॅग काढायला गेली होती.

शिबिराच्या मध्यावर घरच्यांनी भोजनदानाला यायची पद्धत होती. आम्ही मायलेकी पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून ऑटोनं विहारात पोचलो. आईनं घरून भाजी करून नेली होती. वांग्याची. बाबा वांग्याला आयुष्यात शिवले नव्हते. वांगं ही भाजी नसून जनावराचं खाद्य आहे, असं त्यांचं कृषी खात्याच्या अनुभवावर आधारलेलं मत होतं. आईनं ती मुद्दाम केली असं मी म्हणणार नाही. घरात दुसरं काही नव्हतं, असं ती म्हणाली. घरात भोपळा होता.

श्रामणेरांची रांग आली. गुळगुळीत डोक्यांमुळे आधी बाबा ओळखूच येईनात. मग कपाळावरच्या कायमच्या आठीवरून ओळखले. नियमानं आईनं त्यांच्यापुढे गुडघे टेकून तीनदा वंदन करायचं होतं. आईला त्यात विशेष काही वाटलं नसावं. लग्न झाल्यापासून ती वाकूनच होती. इथं निदान खाली सतरंजी होती. बाबा नजर खाली ठेवून उभे राहिले. आईनं पात्रात वांग्याची भाजी वाढली, जरा जास्तच. बाबा ओळीत जाऊन बसले आणि जेवले. सगळी भाजी खाल्ली, पात्र पुसून खाल्ली. तोंड वाकडं केलं नाही, की मागं वळून पाहिलं नाही.

जेवणानंतर शिबिर घेणाऱ्या भन्तेंचं, म्हणजे तिथल्या भिक्खूंचं, प्रवचन झालं. भन्ते तरुण होते, बाबांच्या मुलासारखे. आधी कुठेतरी संगणक शिकवायचे म्हणे. बोलले मात्र छान. म्हणाले, काहीतरी मिळाल्यावर होतो तो आनंद खोटा नाही, पण त्याच्या पोटात ते जाण्याची भीती असते. भगवान ज्याला सुख म्हणतात ते मिळवायचं नसतं. मनातली हाव आणि चीड सुटली की जे मागे राहतं ते सुख. मग त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. सगळ्यांशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून आनंद म्हणजे मुदिता, आणि चौथी उपेक्षा. "मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष," भन्ते म्हणाले, "पण पालीत तसं नाही. उपेक्षा म्हणजे मनाचा तोल. चांगल्यानं फुगायचं नाही, वाइटानं खचायचं नाही. माणसांना सोडायचं नाही." बाबा पुढच्या ओळीत डोळे मिटून बसले होते. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही, याविषयी पुढे आमच्या घरात मतभेद झाले.

परतीच्या गाडीत आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, "वांगं खाल्लं न त्याईनं."

"हो ना. सगळं."

"म्हंजे खाता येते." थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, "खाता येत होतं त्याईले."

दहा दिवसांनी बाबा घरी आले ते सुखी होऊन.

सुरुवातीला आम्हाला काही कळेना. चहा पुढे आला, बाबांनी तो घेतला आणि पिऊन टाकला. वरण मुद्दाम अळणी केलं तरी खाल्लं. दूधवाल्याला नमस्कार केला, तेव्हा तो इतका घाबरला की दुसऱ्या दिवशी खरोखरच चांगलं दूध घेऊन आला. बाबांच्या चेहऱ्यावर दिवसभर एक मंद हसू असे, फोटोतल्यासारखं. वसाहतीतले लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, "बाबांना बरं नाही काय?" त्या वर्षी आमच्या भागात कुणी विनाकारण सुखी असणं जरा चमत्कारिकच दिसत होतं.

पंधरा दिवस आईला ही चैन वाटली. मग हळूहळू घोळ लक्षात यायला लागला. अकोल्यात तेव्हा नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही वाटेल त्या वेळी. नळ आला की मोटार लावणं, टाकी भरणं हे निवृत्त झाल्यापासून बाबांचं काम होतं. आरडाओरडा करत, महानगरपालिकेच्या सात पिढ्या काढत, पण ते करायचे. आता नळ यायचा तेव्हा बाबा ध्यानाला बसलेले असायचे. आई हाका मारायची. बाबा डोळे न उघडता हसायचे. सिलिंडर संपला, बाबा म्हणाले, "सगळंच संपणारं असते." कूलरचा पंप जळला, बाबा म्हणाले, "गर्मी ही फक्त संवेदना होय. तिच्याकडे पाहत राहाचं." आई घामानं भिजून त्यांच्याकडे पाहत राहिली.

बाबांनी चिंता सोडली होती, यात शंका नाही. पण सोडलेली चिंता घरातच पडून होती आणि कुणीतरी ती उचलणं भाग होतं. टाकी, सिलिंडर, गळकी स्लॅब, पेन्शनच्या कार्यालयातल्या खेपा, सगळं एकेक करून आईच्या पदरात आलं. बाबांनी पालीतली उपेक्षा शिकून आणली होती. आईच्या वाट्याला मराठीतली आली.

बाबांचे एक जुने मित्र होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. टिळक रोडच्या मागे त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. बाबा तेल्हाऱ्याला होते तेव्हापासूनची दोस्ती. ते एके दिवशी घरी आले, बाबांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत बसले, आणि मग म्हणाले, "भाऊ, तुमी खुश झाले, चांगली गोष्ट हाय. पन भाभीचं तोंड पाह्यलं काय? या घरात एकाचीच खुशी मावून राह्यली वाटते."

बाबा हसले. मंद.

जुलैत मामा आले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मूर्तिजापूरकडे त्यांची शेती. पहिल्या पावसावर त्यांनी कपाशी लावली होती, मग पावसानं पाठ फिरवली आणि उगवलेलं सगळं करपलं. आता पुन्हा ढग आले होते. मामांचा प्रश्न सरळ होता. बाबांच्या शेजारी सतरंजीवर बसून त्यांनी पिशवीतून वाळलेली रोपं काढून दाखवली.

"भाऊजी, दुबार पेरणी करावं का नाही? पुन्हा कपाशीच लावू का दुसरं काई? तुमी सांगान तसं करतो."

बाबांनी एक रोप हातात घेतलं. उभं आयुष्य ज्यानं हेच काम केलं तो माणूस त्या रोपाकडे असा पाहत होता, जणू ते प्रवचनाला आलं आहे.

"अनित्य हाय सगळं," बाबा म्हणाले.

मामांना वाटलं हे नवीन वाण आहे. "हे कोणत्या कंपनीचं?"

"तसं नाही. उगवलं थे जाणारच. त्यात मन अडकवाचं नाही. मन अडकलं का दुःख."

मामांनी एकेक करून रोपं पिशवीत परत भरली. "भाऊजी, म्या बियाण्याचं इचारलं होतं," ते म्हणाले. "मन अडकाले तिथं काई राह्यलं असतं तं म्या इथं आलो नसतो."

आई चहा घेऊन बाहेर आली तोवर मामा चपला घालत होते. "चहा तं घे ना रे," आई म्हणाली. "नको वं बाई. गाडी हाय." गाडीला अजून बराच अवकाश होता, हे तिघांनाही माहीत होतं. मामा गेले. आई ट्रे हातात घेऊन दारात उभी राहिली. मग आत येऊन तिनं तो बाबांच्या पुढे ठेवला, आदळला नाही.

"तुमी सुखी हाय, नाई?" तिनं विचारलं.

"हो," बाबा म्हणाले.

"मंग मलेबी व्हाचं हाय."

पोळ्याच्या सुमाराला त्याच विहारात बायकांचं शिबिर होतं. आईनं नाव दिलं. बाबांचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा जरा सैल झालं. "अवं, तुले कायले पायजे? तू तं आधीच साधी हाय."

"साधी हाय. सुखी नाई," आई म्हणाली.

खरा गोंधळ केसांवरून झाला. आईचे केस कमरेपर्यंत होते. मुंडण केलंच पाहिजे अशी बायकांना सक्ती नव्हती, पण आईनं करायचं ठरवलं. अर्धवट कशाला, म्हणाली. वसाहतीतल्या बायका एकेक करून समजवायला आल्या. नवरा जिवंत असताना? लोक काय म्हणतील? माझ्या सासूबाई तर म्हणाल्या, "डोक्यावर पदर घेऊनच फिरावं लागंल वर्षभर." मीही आईला म्हटलं, राहू दे केस, त्याविना काय अडलंय. आई म्हणाली, "तुया बाबाईनं केले तवा कोनी आलं होतं समजवाले?" कुणीही आलं नव्हतं. शेवटी विहारातच एका बाईनं तिचे केस उतरवले. मी बाजूला उभी होते. लांब वेणी सतरंजीवर पडली, ती मी उचलून घेतली. आईनं टाळूवरून हात फिरवला आणि तिला हसू आलं. "हलकं लागते वं," ती म्हणाली.

घरी आता बाबा एकटे. मी डबा पाठवायला नकार दिला. वाईट वाटत होतं, पण दिला. कुकर कसा लावायचा ते एकदा दाखवून आले. डाळीत मीठ किती घालायचं, असं बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "रंगावरून बघा." त्याच आठवड्यात नळ आला, टाकी भरायची राहिली, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी कोरड्या बादलीकडे बराच वेळ उपेक्षेनं पाहिलं. बादली भरली नाही. मग ते शेजारी मागायला गेले.

भोजनदानाच्या दिवशी चाचांनी त्यांची व्हॅन काढली. मागे दुरुस्तीचे पंप, पुढे आम्ही तिघं. बाबांनी स्वतः खिचडी केली होती. खालून लागली होती, वरून कच्ची होती. डबा ते मांडीवर घट्ट धरून बसले होते.

विहारात श्रामणेरींची रांग आली. आई मधे होती. चीवरात ती उंच दिसत होती, की नेहमीसारखी वाकून नव्हती म्हणून, कुणास ठाऊक. बाबांची पाळी आली. समोर श्रामणेरी उभ्या होत्या आणि नियम बाबांना चांगला माहीत होता. ते डबा घेऊन तसेच उभे राहिले. मागची रांग थांबली. लोक पाहू लागले.

चाचा मागून कानाशी कुजबुजले, "झुका, भाऊ. गुडघे दुखते म्हनून सांगू नका, नमाजात म्या रोज झुकतो, माह्यावाले तुमच्याहून खराब हाय."

बाबांनी डबा खाली ठेवला. हात टेकले, गुडघे टेकले, कपाळ टेकलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी कपाळ टेकलं ते लगेच वर आलंच नाही. मला वाटलं, खरंच गुडघा धरला. पुढे होऊन पाहिलं तर त्यांचे खांदे हलत होते. आईची नजर खालीच होती. खाली बाबाच होते, त्यामुळे तिनं त्यांना पाहिलं असणार, पण नियम मोडला असं कुणाला म्हणता आलं नसतं. बाबा उठले, खिचडी वाढली. आई ओळीत जाऊन बसली आणि ती खिचडी जेवली. सावकाश, एकेक घास.

जेवणानंतर शिकवणाऱ्या भिक्खुणींनी, त्यांना सगळे आर्याजी म्हणत, श्रामणेरींना म्हटलं की इथं सुखाविषयी काय कळलं ते जिला वाटेल तिनं सांगावं. एकीनं पाठ केलेलं पाली सुंदर म्हटलं. एकीनं हाव सोडल्याचं सांगितलं. मग आई उठली. माझी आई चार माणसांत कधी बोलली नव्हती.

"मले जास्त समजलं नाही," ती म्हणाली. "पन घरी मी जेवाले बसली का कोनाच्या ताटात काय कमी हाय थेच पाहत राहो. कोनाचं तोंड वाकडं झालं, काहून झालं. इथं खाली पाहून जेवा लागते. दुसरं कोनाकडे पाहाचं नाही. पह्यल्या दिवशी मले रडू आलं. दुसऱ्या दिवशी मस्त भूक लागली."

बायका हसल्या. आर्याजीही हसल्या. "म्हणजे सुख मिळालं म्हणायचं?"

"थे मले नाई सांगता येत. पोट भरलं," आई म्हणाली आणि बसली. सगळ्यांनी साधू, साधू म्हटलं. बाबांनीही म्हटलं.

परत निघाल्यावर चाचांनी बडनेऱ्याच्या अलीकडे टपरीवर व्हॅन थांबवली. चहा आला. बाबांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "गार हाय हा."

"अल्हम्दुलिल्लाह," चाचा म्हणाले. "वापस आले आमचे भाऊ."

आई घरी आली तेव्हा टाकी भरलेली होती. बाबांनी ती कशी भरली हे तिला तासभर ऐकावं लागलं, महानगरपालिकेच्या सात पिढ्यांसकट. मंद हसू गेलं ते गेलंच. पण तक्रारीही आधीसारख्या राहिल्या नाहीत. मीठ कमी असलं तर बाबा उठून मीठ घेऊ लागले. हे ज्या दिवशी पहिल्यांदा झालं त्या दिवशी आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू घरात कुणी परकं माणूस शिरलं आहे. ध्यानाला ते बसायचे, पण नळाकडे कान देऊन. भन्तेंनी पाहिलं असतं तर त्यांना हे ध्यान वाटलं नसतं. आईला चालत होतं.

दसऱ्याच्या आधी बाबा कुणाला न सांगता मूर्तिजापूरच्या गाडीत बसले. मामा त्यांच्याशी बोलेनात. बाबा वावरात गेले, दिवसभर फिरले, माती हातात घेऊन चुरून पाहिली, संध्याकाळी येऊन म्हणाले, "वरच्या तुकड्यातली दुबार पेरलेली कपाशी काई कामाची नाही. काढून टाका. ओल हाय, हरभरा घ्या." कोणतं वाण, किती बियाणं, कधी पेरायचं, सगळं सांगितलं. मामांनी केलं. हरभरा चांगला आला. सगळ्यांचाच चांगला आला, त्यामुळे बाजारात भाव पडला. मामा येऊन म्हणाले, "सल्ला बरोबर होता भाऊजी. बजार खराब होता." बाबांनी अनित्यतेविषयी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण आईनं त्यांच्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "चहा घ्या." मामांनी घेतला.

आईनं केस पुढेही आखूडच ठेवले. त्या पावसाळ्यात वसाहतीतल्या ज्या बायका तिला समजवायला आल्या होत्या, त्या पुन्हा एकेक करून आल्या. धम्माविषयी त्यांचे प्रश्न मोजकेच होते. खरंच दहा दिवस सैपाक करावा लागत नाही काय? भांडी कोण घासते? दुपारी झोपू देते काय? आईनं सगळ्यांना खरी उत्तरं दिली. पहाटे उठावं लागतं, दुपारनंतर जेवण नाही, हेही सांगितलं, पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी अकोल्याहून एवढी नावं गेली की विहारात जास्तीच्या सतरंज्या मागवाव्या लागल्या. धम्माचा प्रसार वाढतो आहे, म्हणून भन्ते फार समाधानी होते, असं कळलं.

आमची गाडी निघाली तेव्हा फलाटावर नवरे ओळीनं उभे होते, बाबाही होते. सगळ्यांचे चेहरे असे की कुणी बाहेरगावचा पाहुणा उतरला असता तर त्यानं लगेच फोटो काढले असते. डब्यात मात्र गलका होता. चिवड्याचे डबे उघडले होते, कारण उद्यापासून बंदी. मी आईच्या शेजारी बसले होते. सासूबाईंना मी कॉलेजचं प्रशिक्षण आहे म्हणून सांगितलं होतं.

"तुले काय पायजे तिथं?" आईनं विचारलं.

"बघू," मी म्हटलं.

"नको पाहू. झोप," आई म्हणाली, आणि मूर्तिजापूर यायच्या आत तिचा डोळा लागला.